विद्युत्-आघाताची ओळख

१८७९ साली फ्रान्समधील ल्यों येथे रंगमंचावर काम करणारा एक सुतार अडीचशे व्होल्टच्या तारेला चिकटून गतप्राण झाला. यंत्राने निर्माण केलेल्या विजेचा हा पहिला नोंदला गेलेला बळी समजला जातो. पुढे विजेचा दाब हजारो व्होल्टनी वाढला, आणि १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे धावू लागली तेव्हा तर तो लाखाच्या घरात गेला होता. परंतु या शक्तीने माणूस नेमका कसा मरतो, याविषयी वैद्यकशास्त्र बराच काळ चाचपडतच राहिले.

हा प्रांत ज्यांनी प्रथम चिकाटीने धुंडाळला ते व्हिएन्नाचे डॉ. स्टेफान येलिनेक. अपघातस्थळी जाऊन जळलेले बूट, वितळलेल्या तारा, त्वचेचे नमुने यांचा त्यांनी चक्क संग्रह उभा केला. प्रवाहाच्या प्रवेशस्थानी उमटणारी खूण त्यांनी बारकाईने वर्णिली: करड्या-पांढऱ्या रंगाची, कडा उंचावलेली, मध्यभागी खोलगट, टणक आणि विशेष म्हणजे वेदनारहित. वीज लागलेला मनुष्य पुष्कळदा मेलेला नसून मृतवत् असतो, म्हणून मृत्यूची निःसंशय चिन्हे दिसेपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवावा, असा त्यांचा आग्रह होता. १९३१ साली त्यांनी १३२ चित्रांचे एक पुस्तकच काढले. प्रबंधांच्या ढिगाऱ्यापेक्षा कामगाराला ते अधिक उपयोगी पडले असेल, असे मला वाटते. ज्यू असल्याने पुढे त्यांना व्हिएन्ना सोडून इंग्लंडला जावे लागले.

अमेरिकेत मात्र या शोधाला वीज कंपन्यांनी द्रव्यसाहाय्य केले, कारण त्यांचे लाइनमन खांबांवर मरत होते. केवळ भूतदया हे त्याचे कारण असावे, असे मानण्याइतके भाबडे होण्याची गरज नाही. जॉन्स हॉपकिन्समधील अभियंता विल्यम कौवेनहोवेन यांनी विजेने सुटलेले हृदयाचे कंपन विजेच्याच धक्क्याने थांबवण्याचा प्रयोग तडीस नेला, आणि त्याच प्रयोगशाळेत १९५८ मध्ये, छातीवर धक्का देणारी जड इलेक्ट्रोड दाबताच रक्तदाब वर चढतो, हे निकरबॉकर या तरुण सहकाऱ्याच्या नजरेस आले. त्यातून १९६० साली छाती दाबण्याची जी पद्धत जाहीर झाली, ती आज जगभर सर्वांना शिकवली जाते.

हृदय बंद पाडणाऱ्या धक्क्याहून उच्च दाबाच्या विजेची जखम मात्र अधिक फसवी. वरवर पाहता तळहातावर रुपयाएवढा डाग, पायावर दुसरा. आत मात्र हाडालगतचे स्नायू शिजून गेलेले. त्वचेच्या जळिताचे क्षेत्रफळ मोजून सलाइन ठरवणारे वैद्य येथे हमखास चुकतात. मेलेल्या स्नायूंचे रंगद्रव्य रक्तात उतरते, लघवी चहासारखी काळपट होते आणि मूत्रपिंडे बंद पडतात. १९४१ मध्ये लंडनच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्यांवर डॉ. बायवॉटर्स यांनी हीच मूत्रपिंडाची विकृती वर्णिली होती. म्हणून भरपूर सलाइन द्यावे लागते, लघवीवर तासातासाला लक्ष ठेवावे लागते, आणि सुजेने आवळलेल्या हातावरील स्नायूंचे आवरण वेळीच चिरून दाब मोकळा करावा लागतो. उशीर झाला तर हातच कापावा लागतो.

आपल्याकडे १९५६ च्या विद्युत नियमावलीने विजेच्या धक्क्यावरील उपचारांचा तक्ता स्थानिक भाषेतही लावणे सक्तीचे केले. महाराष्ट्रातील वीज उपकेंद्रांत कवटी-हाडांच्या ‘धोका’ पाटीशेजारी तो लटकत असतो. प्रवाह बंद केल्याखेरीज वीज लागलेल्याला हात लावू नये, ही त्यातील पहिली सूचना.