बाह्यग्रहांचे आकारमान व संघटन

सूर्याखेरीज अन्य ताऱ्यांभोवती परिभ्रमण करणाऱ्या ग्रहांना बाह्यग्रह म्हणतात. त्यांची त्रिज्या, वस्तुमान, घनता व अंतर्रचना ठरविण्याच्या पद्धती १९९५ नंतर विकसित झाल्या. ज्यांच्या पृष्ठभागी द्रवरूप पाणी संभवते अशा लहान, समशीतोष्ण ग्रहांच्या बाबतीत हे मापन विशेष अवघड असते.

मीशेल मायर व दीद्ये केलोझ यांनी १९९५ मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह शोधला. ग्रहाच्या ओढीमुळे ताऱ्याचा दृष्टिरेषेतील वेग आवर्ती रीतीने बदलतो व तो बदल वर्णपटरेषांच्या विस्थापनावरून मोजतात. तथापि कक्षेचा कल अज्ञात असल्यास या पद्धतीने वस्तुमानाची नीचतम मर्यादाच मिळते. १९९९ मध्ये एचडी २०९४५८ या ताऱ्यावरून ग्रहाचे अधिक्रमण होताना आढळले. अधिक्रमणात ताऱ्याच्या तेजात होणारी सापेक्ष घट ही ग्रह व तारा यांच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाएवढी असते. शिवाय कक्षेचा कलही कळतो. त्यामुळे बाह्यग्रहाची घनता प्रथमच काढता आली. ती पाण्याच्या निम्म्याहून कमी भरली. अर्थात तो ग्रह वायुमय होता.

दूरच्या निरीक्षकाला पृथ्वीच्या अधिक्रमणाने सूर्याच्या तेजात दहा लाखांत सु. ८४ भाग घट दिसेल, तर पृथ्वीमुळे सूर्याच्या वेगात होणारा बदल सेकंदाला सु. ९ सेंमी. असतो. म्हणून लहान ग्रहांसाठी लाल खुजे तारे सोयीचे ठरले. ट्रॅपिस्ट-१ या सु. ४० प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याला सात ग्रह असल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. परस्परांच्या आकर्षणामुळे त्यांच्या अधिक्रमणांच्या वेळा मागेपुढे होतात. त्यांवरून २०२१ मध्ये वस्तुमाने अचूकपणे काढण्यात आली. हे ग्रह खडकाळ असून पृथ्वीसारख्याच संघटनाच्या ग्रहापेक्षा त्यांची घनता सु. ८ टक्के कमी आहे.

ग्रहाच्या अंतर्भागाविषयी त्याच्या चुंबकीय क्षेत्रावरूनही अनुमान करता येते. या दिशेने पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकाने प्रयत्न केले. एचएटी-पी-११बी या नेपच्यूनएवढ्या वस्तुमानाच्या ग्रहाकडून २००९ मध्ये १५० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेला क्षीण संकेत मिळाल्यासारखे वाटले आणि ग्रह ताऱ्याआड जाताच तो लोपला. तो ग्रहाचाच असल्यास तेथील चुंबकीय क्षेत्र सु. ५० गौस असावे. परंतु २०१० मधील निरीक्षणांत तो पुन्हा आढळला नाही. ही दोन्ही फले फ्रेंच व भारतीय शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली.

घनता एकच असली, तरी संघटन एकच असेल असे नाही. के२-१८बी या ग्रहाची त्रिज्या पृथ्वीच्या सु. २·६ पट व वस्तुमान सु. ८·६ पट आहे. म्हणजे घनता पृथ्वीच्या जवळजवळ निम्मी येते. खडकाळ गाभ्यावरील हायड्रोजनाचे आवरण किंवा विपुल पाणी, या दोहोंनीही तिचा उलगडा होतो. जेम्स वेब अवकाश दूरदर्शकाने २०२३ मध्ये तेथील वातावरणात मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड हे वायू दाखविले. परंतु त्याखाली महासागर आहे की नाही, याविषयी तज्ञांत मतभेद आहेत. पृथ्वीएवढा ग्रह पृथ्वीसारखाच असेल, हे केवळ मोजमापांवरून सिद्ध होत नाही.