कोंबडी धुवावी की नुसती शिजवावी?

मटण असो वा कोंबडी, घरी आणली की आधी भरपूर पाण्याने धुवायची, हा आपल्याकडचा जुना रिवाज. कोंबडी अंगणात कापली जाई, तिला पिसे, रक्त, माती चिकटलेली असे; तेव्हा तो रिवाज योग्यच होता. दिसणारी घाण पाण्याने जाते. न दिसणाऱ्या घाणीचे काय, हा प्रश्न मात्र गेल्या दीडशे वर्षांतला.

१८८५ साली अमेरिकेत सॅमन आणि स्मिथ या संशोधकांनी आजारी डुकरांत एक जीवाणू शोधला. सॅमन यांच्या नावावरून त्याच्या कुळाला पुढे साल्मोनेला म्हणू लागले. १८८८ मध्ये जर्मनीत गार्टनर यांनी मांसातून झालेल्या विषबाधेमागे याच कुळातला जीवाणू असल्याचे दाखवले. कॅम्पिलोबॅक्टर हे माणसाच्या जुलाबाचे एक नेहमीचे कारण आहे, हे १९७७ साली ब्रिटनच्या स्किरो यांनी दाखवून दिले. हे दोन्ही जीवाणू कोंबडीच्या आतड्यात राहतात आणि कापताना मांसावर येतात. कातडीच्या सुरकुत्यांत ते असे चिकटतात, की पाण्याने सगळे निघत नाहीत. जे निघतात ते शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि भांड्यांवर जातात.

महाराष्ट्राला या विषयाचा धडा २००६ च्या फेब्रुवारीत मिळाला. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि लोकांनी कोंबडी खाणेच सोडले. २०२२ मध्ये हा रोग भिवंडीच्या शेजारी, शहापूर तालुक्यातील वेहळोलीत आला. दोन्ही वेळी भीतीवर शास्त्रीय उत्तर एकच होते: मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सियसला शिजले की विषाणू नष्ट होतो. म्हणजे काम आचेचे, पाण्याचे नव्हे. शिजलेल्या कोंबडीवर आपला विश्वास बसला, पण धुण्याच्या मोरीकडे लक्ष गेले नाही.

त्या मोरीची तपासणी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात झाली. कोंबडी धुणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये जंतू सापडले. २६ टक्के लोकांच्या सॅलडच्या पानांपर्यंत ते पोचले. मात्र न धुणाऱ्यांपैकीही ३१ टक्के लोकांच्या सॅलडमध्ये जंतू आढळले. यावरून हातांची स्वच्छता किती महत्त्वाची, ते कळते.

आपल्याकडे दुकानातून येणाऱ्या कोंबडीला रक्त वा पिसे लागलेली असतात. ती ओल्या कागदाने टिपून काढावीत. धुतल्याशिवाय समाधान होत नसेल, तर वाहत्या नळाखाली न धरता पातेल्यातील पाण्यात हळुवार धुवावी, कोशिंबिरीचे सामान दूर ठेवावे आणि नंतर मोरी, सुरी व हात साबणाने घासावेत. हळद, मीठ, लिंबू चवीसाठी लावावे. ते आचेची जागा घेत नाहीत.

विद्यार्थ्यांना हे वर्गात दाखवता येईल. एका फुग्यावर खाण्याचा रंग चोळा, तो नळाखाली धरा, भोवती पांढरे कागद पसरा आणि सर्वांत लांबचा डाग पट्टीने मोजा. मग नळाची धार कमी करून पुन्हा मोजा.