दाबयुक्त उष्णजल टाकी व विभागवार गृहतापन

दाबयुक्त उष्णजल टाकी : घराला पाणी पुरविणाऱ्या मुख्य वाहिनीच्या दाबाखालीच पाणी साठवून तापविणारी आणि वातावरणाकडे उघडी नळी नसलेली बंद टाकी. ब्रिटनमध्ये हिला ‘अनव्हेंटेड सिलिंडर’ म्हणतात. तेथे ती बहुधा एकाच बॉयलरवर चालणाऱ्या गृहतापन यंत्रणेचा भाग असते. बॉयलरमधले गरम पाणी पंपाच्या साहाय्याने एकीकडे टाकीच्या आतल्या नागमोडी नळीतून (कॉईलमधून), तर दुसरीकडे खोल्यांतील रेडिएटरांतून फिरविले जाते. घराचे भाग पाडून प्रत्येक भागाची वेळ व तापमान स्वतंत्रपणे राखण्याची सोय असल्यास तिला विभागवार तापन म्हणतात. टाकी आणि विभागवार तापन हे विषय पुस्तकांत वेगळे शिकविले जात असले, तरी टाकीची सुरक्षितता विभागांच्या झडपांवर अवलंबून असल्यामुळे त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

ब्रिटिश घरांत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ सर्वत्र खुली पद्धत होती. माळ्यावरील थंड पाण्याच्या हौदातून पाणी तांब्याच्या टाकीत उतरे आणि टाकीच्या माथ्यावरून निघालेली नळी त्याच हौदावर वाकवून उघडी ठेवलेली असे, त्यामुळे प्रसरण पावलेले पाणी किंवा वाफ तेथून निघून जाई. या साधेपणाची किंमत म्हणजे कमी दाब. पाण्याच्या पातळीतील दर मीटर फरकामागे जेमतेम ०.१ बार दाब मिळत असल्याने वरच्या मजल्यावरचा शॉवर मंदच चाले. इंग्लंड व वेल्सच्या १९८५ च्या इमारत नियमांनी बंद टाक्यांना वाट मोकळी करून दिली. त्यांच्यावरील अटी आज नियमांच्या ‘जी ३’ या कलमात आहेत, आणि टाकीतील पाणी कोणत्याही स्थितीत १००° से. च्या वर जाऊ नये, हे त्यांचे सूत्र आहे.

या सूत्रामागचे कारण पाण्याच्या गुणधर्मांत आहे. १०° से. चे पाणी ६०° से. पर्यंत तापविले, तर त्याचे आकारमान सुमारे १.७ टक्क्यांनी वाढते, म्हणजे २०० लिटरच्या टाकीत तीन लिटरांहून अधिक जास्तीचे पाणी तयार होते आणि बंद टाकीत त्याला जागा करून द्यावी लागते. खरा धोका मात्र त्यापुढचा आहे. ३ बार दाबाखाली पाणी सुमारे १४४° से. पर्यंत उकळत नाही. अशा अतितप्त पाण्याची टाकी फुटली, तर दाब एकदम नाहीसा होऊन पाण्याचा काही भाग क्षणार्धात वाफ होतो, आणि वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे १,६०० पट असते. महाराष्ट्रातील न्हाणीघरांत वापरला जाणारा तांब्याचा बंब वातावरणाकडे उघडा असल्याने त्यात असा दाब साचत नाही. घरोघरचा साठवणीचा विद्युत गिझर मात्र या बंद टाकीच्याच कुळातला आहे. म्हणूनच त्यातही थर्मोस्टॅट, तापमान-खंडक आणि दाबमोचक झडप असते.

टाकीत शिरणारे थंड पाणी आधी एका झडपसंचातून जाते. त्यात गाळणी, दाब सामान्यतः ३ बारपर्यंत उतरविणारी झडप, पाणी उलट जाऊ न देणारी एकदिशा झडप आणि प्रसरणमोचक झडप असते. प्रसरण पावलेले पाणी रबरी पडद्यामागे हवा भरलेल्या प्रसरणपात्रात किंवा टाकीच्या माथ्याशी राखलेल्या हवेच्या कप्प्यात सामावते. प्रसरणमोचक झडप आणि टाकी यांच्यामध्ये बंद करता येईल अशी कोणतीही झडप बसविता येत नाही. उष्णतेविरुद्ध तीन स्वतंत्र कड्या असतात. पहिली ६०° ते ६५° से. वर उष्णता थांबविणारा थर्मोस्टॅट. दुसरी, तो बिघडल्यास सुमारे ८०° ते ८५° से. ला वीज तोडणारा आणि हाताने बटण दाबल्याशिवाय पुन्हा सुरू न होणारा खंडक. आणि तिसरी, विजेवर मुळीच अवलंबून नसलेली, ९०° ते ९५° से. च्या आसपास आपोआप उघडणारी तापमान-दाब मोचक झडप.

या मोचक झडपेतून निघणारे जवळजवळ उकळते पाणी कोठे न्यायचे, हा बसवणुकीतला सर्वांत दुर्लक्षित भाग होय. झडपेपासून ६०० मिमी. च्या आत ‘टनडिश’ नावाचे उघडे नरसाळे बसवितात, जेणेकरून गळती डोळ्यांना दिसावी आणि सांडपाण्याच्या नळीतले पाणी मागे ओढले जाऊ नये. नरसाळ्याखाली पहिल्या वळणाआधी किमान ३०० मिमी. सरळ उभी नळी लागते. पुढची नळी वरच्या नळीपेक्षा निदान एका मापाने मोठी असते, तिला सलग उतार किमान २०० ला १ असा द्यावा लागतो, आणि ९ मीटर सरळ नळीइतका अडथळा ओलांडल्यास तिचे माप आणखी वाढवावे लागते. प्रत्येक कोपऱ्याचा अडथळा या हिशेबात धरायचा असतो. नळीचे तोंड दिसेल, पण कोणाच्या अंगावर, विशेषतः मुलांच्या, पाणी उडणार नाही, अशा जागी उघडते.

विभागवार तापनाची गरज इंधनबचतीतून आली. इंग्लंडच्या नियमांनुसार १५० चौ. मी. किंवा अधिक क्षेत्रफळाच्या नव्या घरात स्वतंत्र नियंत्रणाचे किमान दोन तापन विभाग असावे लागतात, कारण दिवसभर रिकाम्या राहणाऱ्या शयनगृहांना बैठकीच्या खोलीइतके तापविण्यात अर्थ नसतो. हनीवेल कंपनीने रूढ केलेल्या ‘एस प्लॅन’मध्ये प्रत्येक मंडलावर, म्हणजे टाकीवर एक आणि रेडिएटरांच्या प्रत्येक विभागावर एक, अशा दोन तोंडांच्या मोटारचलित झडपा असतात. खोलीतील थर्मोस्टॅटने मागणी केली की मोटार झडप उघडते, आणि झडप उघडल्यावरच तिच्यातला छोटा स्विच बॉयलर व पंप यांना वीज देतो. म्हणून कोणत्याही विभागाची मागणी नसल्यास बॉयलर विनाकारण जळत राहत नाही. या परस्परबंधनाला ‘इंटरलॉक’ म्हणतात. ज्या खोलीत विभागाचा थर्मोस्टॅट आहे, तेथील रेडिएटरवर तापनियंत्रक झडप बसवू नये, अन्यथा दोन नियंत्रकांची ओढाताण होऊन संपूर्ण विभागाचे तापमान बिघडते.

‘वाय प्लॅन’मध्ये दोन झडपांऐवजी तीन तोंडांची एकच मध्यस्थितीची झडप वापरतात. जुन्या खुल्या टाकीसाठी ती पुरेशी होती, पण बंद टाकीसाठी नाही. वीज गेल्यावर ही झडप टाकीकडील तोंड उघडे ठेवूनच विसावते, म्हणजे खंडकाने वीज तोडली, तरी बॉयलरच्या उष्णतेची वाट बंद होत नाही. दोन तोंडांची झडप मात्र वीज तुटताच स्प्रिंगच्या जोराने मिटते. त्यामुळे जुनी तारजोडणी तशीच ठेवून फक्त टाकी बदलणारा कारागीर सुरक्षेची दुसरी कडी नकळत निकामी करतो. तेथे टाकीच्या मंडलावर वेगळी दोन तोंडांची झडप घालून खंडक तिच्याशी जोडावाच लागतो. याच कारणास्तव लाकूड वा कोळशाच्या, हुकमी विझविता न येणाऱ्या बॉयलरला अशी टाकी जोडत नाहीत, आणि पंपाविना केवळ गरम पाण्याच्या वर चढण्यावर चालणारे अभिसरणही चालत नाही.

टाकी निवडण्यापूर्वी घरात येणाऱ्या पाण्याचा दाब आणि प्रवाह दोन्ही मोजावे लागतात. नळ बंद असताना दाबमापी कितीही चांगला आकडा दाखवो, १५ मिमी. च्या जुन्या जोडणीतून दोन न्हाणीघरांना पुरेसे पाणी येईलच असे नाही. दर मिनिटाला २० लिटर प्रवाह आणि वाहत्या पाण्याचा १.५ बार दाब ही सर्वसाधारण अपेक्षा असते. २०० लिटरची भरलेली टाकी २०० किलोग्रॅमहून बरीच जड असल्याने लाकडी तक्तपोशीची ताकदही तपासतात. साठवणीचे तापमान ६०° से. ठेवण्यामागे लेजिओनेला हा जीवाणू आहे. तो २०° ते ४५° से. च्या दरम्यान वाढतो. मात्र ६०° से. चे पाणी त्वचा भाजू शकते, म्हणून नव्या घरांत आंघोळीच्या टबाच्या नळाशी मिश्रण-झडप बसवून पाणी ४८° से. वर जाऊ देत नाहीत.

वर्षातून एकदा झडपा उघडून पाहणे आणि प्रसरणपात्रातील हवेचा दाब तपासणे आवश्यक असते. टाकी तापतानाच नरसाळ्यात थेंब पडत असतील, तर बहुधा प्रसरणपात्रातील हवा कमी झालेली असते. सतत ठिबकत असेल, तर दाब उतरविणारी झडप संशयित ठरते. अशा गळतीवर नळीचे तोंड बुजविणे हा प्राणघातक उपाय होय. तापमान-दाब मोचक झडपेतूनच गरम पाणी येऊ लागले, तर बॉयलर बंद करतात, पण थंड पाण्याचा पुरवठा बंद करत नाहीत, कारण आत येणारे तेच पाणी टाकी थंड करत असते.