वजन घटविणाऱ्या शस्त्रक्रिया : इतिहास काय शिकवितो?

लठ्ठपणा हा आजच्या काळाचाच रोग आहे, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज आहे. इतिहासाची पाने चाळली की हा समज दूर होतो. चरकसंहितेने अतिस्थूल मनुष्याची गणना आठ निंदित शरीरप्रकारांत केली आहे. इब्न सीना यांनीही आपल्या 'कानून' या वैद्यकग्रंथात अतिलठ्ठपणाचे तोटे सांगितले आहेत. दहाव्या शतकात स्पेनमधील लेओनचा राजा सांचो याला तर लठ्ठपणापायी इ. स. ९५८ मध्ये सिंहासन गमवावे लागले. त्याची आजी राणी तोदा त्याला घेऊन खलिफा तिसरे अब्दुर्रहमान यांच्या कुर्तुबा येथील दरबारी गेली. खलिफांचे ज्यू वैद्य हसदाय इब्न शप्रूत यांनी त्याचे वजन उतरविले आणि खलिफांच्या फौजेच्या मदतीने त्याने गेलेले राज्य परत मिळविले. रुग्ण ख्रिस्ती, वैद्य ज्यू, आश्रयदाता मुसलमान! विद्येला जातधर्माची अट नसते, हे विद्यार्थी मित्रांनी येथेच टिपून ठेवावे.

त्या काळी उपाय होते ते पथ्याचे आणि औषधाचे. केवळ वजन उतरविण्यासाठी पोटावर शस्त्रक्रिया करण्याची कल्पना विसाव्या शतकातली. १९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथील क्रेमेन व लिनर या शल्यचिकित्सकांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्न पुढे नेण्याचा मार्ग मांडला. अन्न अंगी लागायला जागाच उरली नाही, तेव्हा वजन झपाट्याने उतरू लागले. परंतु पुढे रुग्णांना सततचे जुलाब, मूतखडे आणि यकृताचे गंभीर विकार जडू लागले. काहींचे प्राणही गेले. ही शस्त्रक्रिया अखेर सोडून द्यावी लागली. वजन उतरले म्हणजे रुग्ण बरा झाला असे नव्हे, हा या इतिहासातला पहिला धडा.

यानंतर आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांचे नाव घ्यावे लागते. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण बारीक होतात, हे त्यांच्या ध्यानात आले. १९६६ मध्ये त्यांनी इटो यांच्यासह जठराचा फक्त लहानसा भाग वापरात ठेवून तो आतड्याला जोडला. हीच आजच्या 'गॅस्ट्रिक बायपास'ची सुरुवात. १९८० च्या दशकात कुझमाक यांनी जठराभोवती सैल-घट्ट करता येणारा पट्टा बसविला. काहीही कापावे लागत नाही आणि पट्टा काढताही येतो, म्हणून तो फार लोकप्रिय झाला. पण कोणाचा पट्टा सरकला, कोणाचा जठरात रुतला, कित्येकांचे वजन पुरेसे उतरलेच नाही. आज तो क्वचितच बसवितात.

सध्या सर्वांत अधिक होणारी शस्त्रक्रिया म्हणजे 'स्लीव्ह'. हिचा जन्म मोठा उद्बोधक आहे. ती मुळात एका मोठ्या शस्त्रक्रियेचा केवळ एक भाग होती. अतिशय जड व दुर्बल रुग्णांना संपूर्ण शस्त्रक्रिया एका वेळी झेपणार नाही, म्हणून या शतकाच्या आरंभी गान्ये आदी शल्यचिकित्सकांनी दुर्बिणीतून आधी तेवढाच भाग करावयास सुरुवात केली. पुष्कळांना त्यानेच पुरेसा गुण आला, आणि ती स्वतंत्र शस्त्रक्रिया बनली.

याच विचाराचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात घडले. २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या इमान अहमद यांना विमानाने मुंबईस आणले गेले. त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले होते. सैफी रुग्णालयात डॉ. मुफ्फझल लकडावाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी आहाराने त्यांचे वजन उतरविले आणि ७ मार्च २०१७ रोजी 'स्लीव्ह' केली. मे महिन्यात त्यांना पुढील उपचारांसाठी अबुधाबीला नेण्यात आले. तेथे २५ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांचे निधन झाले. वजन पुष्कळ उतरले होते, पण हृदय आणि मूत्रपिंडे थकलेली होती. दुखणे वर्षानुवर्षे घरात दडून राहिले, तर कुशल हातांनाही मर्यादा पडतात.

आता या दोन शस्त्रक्रियांतला फरक नीट समजून घेऊ. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक राहते. आतड्याला हात लागत नाही, शस्त्रक्रिया तुलनेने सोपी असते आणि भूक वाढविणारे संप्रेरक कमी होते. मात्र काढलेले जठर परत येत नाही, आणि ज्यांना आधीपासून छातीत जळजळते, आंबट पाणी घशाशी येते, त्यांचा त्रास वाढू शकतो.

'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. जळजळीचा त्रास असलेल्यांना हीच अधिक मानवते. मधुमेहावरही तिचा प्रभाव मोठा. अमेरिकेतील वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की अनेक रुग्णांची साखर बायपासनंतर आटोक्यात येते आणि वर्षानुवर्षे तशी राहते. परंतु येथे लोह, कॅल्शियम व ब-१२ जीवनसत्त्व कमी शोषले जाते, म्हणून गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. गोड खाल्ल्यावर घाम व चक्कर येऊ शकते. अंगदुखीच्या काही गोळ्यांनी जोडाच्या ठिकाणी जखम होण्याचा धोका असतो. स्वित्झर्लंड व फिनलंड येथे दोन्ही शस्त्रक्रियांची पाच वर्षे तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन उतरण्यात फार मोठा फरक आढळला नाही. म्हणजे निवड ठरते ती रुग्णाच्या इतर दुखण्यांवरून. शेजाऱ्याने 'स्लीव्ह' केली म्हणून आपणही करावी, हे शहाणपणाचे नव्हे.

शस्त्रक्रिया कोणाला? वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. १.६० मीटर उंची आणि ९० किलो वजन असेल तर उत्तर सुमारे ३५ येते. १९९१ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी ४० ही मर्यादा ठरविली होती, सोबत गंभीर आजार असल्यास ३५. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी ती ३५ वर आणली, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करावा असे म्हटले, कारण आपल्या लोकांना मधुमेह कमी वजनातच गाठतो. मात्र आकडा जुळला की लगेच शस्त्रक्रिया, असे नाही. आहार, चालणे, आणि आता उपलब्ध असलेली इंजेक्शने यांचा विचार आधी व्हावा.

पालकहो, आपले खंडाळा अशा ठिकाणी आहे की नीरा ओलांडली की पुणे जिल्हा लागतो आणि खंबाटकी घाट ओलांडला की साताऱ्याची वाट. मोठी रुग्णालये दूर नाहीत. परंतु शस्त्रक्रियेनंतर तपासणीसाठी वर्षानुवर्षे जावे लागते, त्या फेऱ्यांचा आणि औषधांचा खर्च आधीच मोजावा. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना स्वच्छ विचारावे : माझ्यासाठी हीच का, दुसरी का नाही? गुंतागुंत झाली तर रात्री-अपरात्री कोणाकडे यायचे? गोळ्या किती वर्षे घ्यायच्या? मुलीचे लग्न व्हायचे असेल तर गरोदरपणाचेही विचारावे. साधारणतः पहिले वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत, असा सल्ला देतात. रोज्यांचेही तसेच. जठर लहान झाल्यावर पाणी घोट घोटच प्यावे लागते, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून रोजे धरू नयेत. आजाऱ्याला शरीअतने सवलत दिलेलीच आहे.

शेवटी विद्यार्थी मित्रांना एक विनंती. वर्गातल्या जाड मुलाला नावे ठेवू नका. चेष्टेच्या भीतीने माणूस घरात कोंडून घेतो आणि दुखणे हाताबाहेर जाते. तुमच्यापैकी जे विज्ञान शाखेकडे जातील, त्यांनी हा इतिहास अवश्य वाचावा. चुकलेली शस्त्रक्रिया मान्य करून जे पुढे गेले, त्यांच्यामुळेच आज आपल्यापुढे निवड करावयास दोन बरे मार्ग आहेत. ती निवड घाईने, भीतीने किंवा जाहिरात पाहून होऊ नये. ती माहिती घेऊन, घरच्यांशी बोलून व्हावी, एवढेच या लेखातून सांगावयाचे आहे.