बोटीतली खुर्ची आणि फ्रेझर नदीवरच्या बोटी

मंडळी, व्हँकुव्हरला राहायचं आणि बोट घ्यायची नाही, म्हणजे कोकणात राहून मासे न खाण्यासारखं आहे, असं इकडचे लोक मला पहिल्या वर्षापासून ऐकवत होते. शेवटी आम्ही एक १६ फुटी, फायबरग्लासची जुनी बोट घेतली. वयाने आमच्या मुलीपेक्षा मोठी. पहिल्याच फेरीत पुण्याहून आलेला मित्र ऐसपैस खुर्चीत बसला, बाजूने एक लाट आली, आणि महाराज खुर्चीसकट आडवे! पाण्यात पडला नाही एवढंच. पुढच्या सबंध मुक्कामात त्याने बोटीचं नाव काढलं नाही.

मी इंजिनिअर. खुर्ची ढिली म्हटल्यावर जाडे स्क्रू आणून आवळून टाकले. दोन आठवड्यांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तेव्हा शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून आले. (मी मनात त्यांना आजोबाच म्हणतो, तोंडावर मात्र इकडच्या रीतीने पहिल्या नावाने हाक मारावी लागते.) ते जपानी वंशाचे, वय ८८. त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खुर्चीभोवती ठोकून पाहिलं. चांगलं लाकूड टणटण वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. आमची बैठक चारी बाजूंनी बद्द वाजत होती. वरचं फायबरग्लास काढलं, तर आतला प्लायवूड चहात बुडवलेल्या पावासारखा!

आता थोडं गणित, कारण राहवत नाही. माणूस कलला की समजा ३० किलोचा आडवा जोर ६० सेंटिमीटर उंचीवर लागतो. खालच्या स्क्रूंमधलं अंतर १५ सेंटिमीटर. म्हणजे एका बाजूचे स्क्रू चौपट, १२० किलोच्या ओढीने उपटले जाऊ पाहतात, आणि लाटेचा हिसका वेगळाच. भोकातून पाणी आत जातं, लाकूड कुजतं आणि मग स्क्रूला धरायला काही उरत नाही. म्हणून कोरडं, निरोगी लाकूड लागेपर्यंत सगळं कापून काढलं. ९ मिलिमीटरच्या मरीन प्लायवूडच्या दोन फळ्या इपॉक्सीने एकजीव चिकटवल्या. नुसत्या एकावर एक ठेवल्या तर ताठपणा दुप्पट होतो, चिकटवल्या तर आठपट! भोकं मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीने बुजवली आणि त्यात पुन्हा बारीक भोकं पाडली, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही. खालून जाड पट्टी, आरपार बोल्ट, रुंद वॉशर. जोर चार टिंबांवर न राहता सबंध फळीवर पसरतो.

इपॉक्सी वाळेपर्यंत आम्ही चहा घेत बसलो. इकडच्या गारठ्यात ते निवांत वाळतं. तेव्हा आजोबा सहज म्हणाले, "माझ्या वडिलांची बोट गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो." कुठे बुडाली, असं मी विचारलं. बुडाली नव्हती. सरकारने नेली होती.

व्हँकुव्हरच्या दक्षिणेला, फ्रेझर नदीच्या मुखाशी स्टीव्हस्टन नावाचं कोळ्यांचं गाव आहे. १८८८ मध्ये जपानच्या वाकायामा प्रांतातल्या मिओ गावचा गिहेई कुनो इथे आला, नदीतले सामन पाहून थक्क झाला, आणि त्याच्यामागून अर्धं गाव आलं. आपल्याकडे एकजण मुंबईला गेला की भावकी येते, तसंच. हे लोक मासेमारी करत आणि बोटीही बांधत. देवदाराच्या हलक्या फळ्या, वाफेवर वाकवलेल्या ओकच्या बरगड्या, खाली डग्लस फरचा कणा. १९२० च्या दशकात सरकारने त्यांचे मासेमारीचे परवाने मोठ्या प्रमाणात कमी केले, तरी ते टिकून राहिले.

७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि काही दिवसांत कॅनडाच्या नौदलाने जपानी वंशाच्या कोळ्यांच्या ११०० हून अधिक बोटी ताब्यात घेतल्या. न्यू वेस्टमिन्स्टरजवळ अ‍ॅनीव्हिल इथे नदीत त्या एकमेकींना खेटून बांधून ठेवल्या. लाकडी बोट म्हणजे दुभती म्हैस, रोज बघावं लागतं. पावसाचं पाणी उपसायला मालक नाही. कित्येक बोटी खराब झाल्या, काही बुडाल्या. जानेवारी १९४२ मध्ये विक्रीसाठी समिती नेमली. तिच्यात किशिझो किमुरा हे जपानी वंशाचे सदस्यही होते. बोटी बहुतेक कॅनरी कंपन्यांनी आणि गोऱ्या कोळ्यांनी घेतल्या.

मग माणसांची पाळी आली. किनाऱ्यापासून १०० मैलांच्या पट्ट्यातून सुमारे २२,००० लोकांना हलवलं. त्यातले बहुतेक कॅनडाचेच नागरिक होते. हजारो लोकांना आधी व्हँकुव्हरच्या हेस्टिंग्ज पार्कमध्ये, जनावरांच्या गोठ्यांत ठेवलं. दर ऑगस्टला आम्ही तिथल्या जत्रेत मुलीला पाळण्यात बसवायला नेत असू, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं! १९४३ पासून त्यांची घरं, जमिनी त्यांच्या संमतीशिवाय विकल्या. किनाऱ्यावर परतायची मुभा मिळाली १ एप्रिल १९४९ ला, युद्ध संपून साडेतीन वर्षं उलटल्यावर. २२ सप्टेंबर १९८८ ला पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांनी संसदेत माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २१,००० डॉलर देण्याचं जाहीर केलं. तोवर बोटींचे बरेचसे मालक देवाघरी गेले होते.

आजोबांचे वडील १९५० मध्ये स्टीव्हस्टनला परतले आणि दुसऱ्याच्या बोटीवर नोकरीला लागले. धक्क्यावर कुठलीही जुनी बोट दिसली की ते थांबून तिच्यातली बसायची फळी बघत. स्वतःच्या बोटीत त्यांनी ती हाताने बसवली होती, म्हणून ओळखू आली असती. कधी सापडली नाही.

स्टीव्हस्टनमधला जुना ब्रिटानिया शिपयार्ड आता राष्ट्रीय वारसास्थळ आहे. तिथे बोटी बांधणाऱ्या मुराकामी कुटुंबाचं घरही जपलं आहे. १९४२ पर्यंत ते तिथे राहत. कधी इकडे आलात तर जरूर बघा.

त्या रात्री मी कपाटातलं माझं नागरिकत्वाचं सर्टिफिकेट काढून पाहिलं. कागद जाड आहे, शिक्का ठळक आहे. त्यांच्याकडेही कागद होतेच. मी ते परत ठेवलं, पण नेहमीसारखं फायलींच्या तळाशी नाही, वर ठेवलं.

असो. खुर्ची दोन उन्हाळे टिकली आहे. आजोबा तिच्यात बसले की आधी मुठीने ठोकून बघतात. पुण्याचा मित्र मे महिन्यात येतो म्हणतोय. बघू, बसतो का!