बॉईलचा हिरा आणि मावशीचा बॅज

माझी मावशी एका रुग्णालयात एक्स-रे काढायची. शिशाच्या एप्रनखाली, छातीवर एक बॅज. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जाई. एकदा आकडा भलताच जास्त आला. "अगं, एप्रन बॅजसकट एक्स-रेच्या खोलीतच टांगलेला राहिला," ती आईला सांगत होती. पुन्हा मोजा म्हणाली, तर उत्तर आलं : पुन्हा मोजता येत नाही. मला ती टाळाटाळ वाटली. ती तशी नव्हती, हे कळायला मला थेट सतराव्या शतकात जावं लागलं.

ऑक्टोबर १६६३मध्ये इंग्लंडात रॉबर्ट बॉईलच्या हाती जॉन क्लेटन यांचा एक हिरा आला. त्यानं तो घासला, तापवला आणि रात्री अंथरुणात उघड्या अंगाच्या उबेलाही धरून पाहिला. (हे रॉयल सोसायटीला निःसंकोच कळवलं, याचं मला फार कौतुक.) हिरा मंद उजळला. अंगाच्या उबेनं काही कुणी तापून लाल होत नाही. म्हणजे ऊर्जा आधीपासून आत अडकलेली होती. पुढे मारी क्युरीनं आपल्या प्रबंधात नोंदवलं की तापवून निस्तेज झालेलं फ्लोराइट रेडियमच्या सान्निध्यात पुन्हा उजळण्याजोगं होतं.

मावशीच्या बॅजमध्येही हेच घडायचं. त्यात डिस्प्रोशियमचा अंश मिसळलेलं कॅल्शियम सल्फेट. किरणांनी सुटे झालेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांत अडकतात. मोजताना बॅजमधल्या चकत्यांवर गरम नायट्रोजन सोडला की ते निसटतात आणि प्रकाश पडतो. प्रकाशावरून डोस कळतो. पण एकदा निसटलेले इलेक्ट्रॉन माघारी येत नाहीत. मोजता मोजताच नोंद पुसली जाते.

हेच सल्फेट आता नॅनोकणांच्या रूपातही बनवतात. कण इतका लहान, की त्यातले बरेचसे अणू पृष्ठभागावरच असतात. तिथल्या दोषांमुळे ऊर्जेचा काही वाटा उजेड न होता स्फटिकाच्या थरथरीत विरून जातो. थोड्या डोसला हे कण भरड पुडीपेक्षा मंद उजळतात. प्रचंड डोसला मात्र लवकर भरून जात नाहीत. 'नॅनो' म्हणजे सरस, हे समीकरण इथं चालत नाही. मावशीसाठी जुनी भरड पूडच बरी होती.

तिला लेखी खुलासा द्यावा लागला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ड्यूटी संपली की ती आधी बॅज काढायची आणि बाहेरच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवायची.