तोफांच्या आवाजाखाली दबलेले सूर

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत लोणावळ्यात सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पर्यटक भिजण्यासाठी येतात आणि चिक्की घेऊन परत जातात. ज्यांच्या कपाटात जुन्या ध्वनिमुद्रिका किंवा टेपची रिळे आहेत, त्यांच्यासाठी मात्र हा काळ धास्तीचा असतो. तबकड्यांची पाकिटे दमट होतात, त्यांच्यावर बुरशी धरते, टेपला चिकटपणा येतो. मुंबईच्या घरात जागा पुरेनाशी झाली की अडगळीतील पेट्या खंडाळा-लोणावळ्याच्या बंगल्यावर रवाना होतात. आवाज साठवण्यासाठी मावळाइतकी गैरसोयीची हवा पुणे जिल्ह्यात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

जुन्या ध्वनिमुद्रणांच्या संग्राहकांमध्ये युद्धपटांच्या संगीताचा स्वतंत्र पंथ आहे. अलिस्टर मॅक्लीनच्या कादंबऱ्या वाचून वाढलेल्या पिढीला 'द गन्स ऑफ नॅव्हरॉन' आणि 'व्हेअर ईगल्स डेअर' हे चित्रपट परके नाहीत. पुण्यात अलका, वेस्टएंड, राहुल या चित्रपटगृहांत इंग्रजी चित्रपट पाहण्याची रीतच होती. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मधील शिट्टीची धून चित्रपट न पाहिलेल्यांच्याही ओठांवर असते. ती मुळात १९१४ मधील ब्रिटिश लष्करी संचलनधून असून, चित्रपटासाठी माल्कम अर्नोल्ड यांनी तिला आपल्या संगीताची जोड दिली.

हे संगीत आज पाश्चात्त्य संग्राहकाला संपूर्ण आणि स्वच्छ स्वरूपात विकत मिळते. आपल्याकडील युद्धपट आणि ऐतिहासिक चित्रपटांचे पार्श्वसंगीत मात्र जवळपास कुठेही मिळत नाही. गाणी मिळतात, लढाई मिळत नाही. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी चित्रपटात संगीत बसवले कसे जाते, ते आधी पाहावे लागेल.

केवळ संगीताची टेप

वाद्यवृंद ध्वनिमुद्रणगृहात बसून पार्श्वसंगीत वाजवतो, तेव्हा ते वेगळ्या चुंबकीय फितीवर मुद्रित होते. संवाद दुसऱ्या फितीवर, तर बंदुका, घोड्यांच्या टापा, विमानांची घरघर असे आवाज तिसऱ्या फितीवर असतात. अखेरीस मिश्रणतज्ज्ञ हे तिन्ही प्रवाह एकत्र करतो आणि चित्रपटाचा अंतिम ध्वनिपट तयार होतो. मिश्रण झाल्यावर केवळ संगीत असलेली मूळ फीत जपली गेली, तर चाळीस-पन्नास वर्षांनीही ते संगीत स्वतंत्रपणे प्रकाशित करता येते. फीत गेली, तर हाती उरतो तो केवळ मिश्र ध्वनिपट. प्रेमकथेत अशा ध्वनिपटातूनही काही तुकडे वेचता येतात. युद्धपटात ते जवळजवळ अशक्य, कारण संगीत जेथे ऐन रंगात येते, नेमक्या तेथेच तोफा धडधडत असतात.

हॉलिवूडमध्ये या फिती टिकण्यामागे कलाप्रेमापेक्षा व्यवहार अधिक होता. चित्रपट फ्रेंच, जर्मन, स्पॅनिशमध्ये डब करावयाचा तर संवाद वगळून उरलेला आवाज स्वतंत्र ठेवणे भाग होते. तरीही तेथेही नासाडी कमी झाली नाही. एमजीएम स्टुडिओने १९६९ च्या सुमारास आपल्या संगीतग्रंथालयातील स्वरलिपींचे गठ्ठेच्या गठ्ठे भराव घालण्याच्या जागेवर फेकून दिले. सुदैवाने अनेक चित्रपटांची ध्वनिमुद्रणे वाचली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील 'फिल्म स्कोअर मंथली' या नियतकालिकाने अशाच फिती शोधून सीडी काढण्यास सुरुवात केली. पुढील सुमारे पंधरा वर्षांत त्यांनी अडीचशेच्या आसपास सीडी प्रकाशित केल्या. रॉन गुडविन यांचे 'व्हेअर ईगल्स डेअर' त्यांच्याच यादीतील. यातील बऱ्याचशा सीडींच्या जास्तीत जास्त तीन हजार प्रती निघत. वादकांच्या संघटनेशी ठरलेल्या मानधनाचा हिशेब तेवढ्याच प्रतींत बसत असे. जगभरात तीन हजार गिऱ्हाइके म्हणजे धंदा म्हणून नगण्यच, पण तेवढ्या गिऱ्हाइकांनी एक अख्खे दालन वाचवले.

संग्राहक 'मूळ' या शब्दावर इतका हटून का बसतो, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडेल. साठच्या दशकात चित्रपटाच्या नावाने निघालेल्या अनेक एलपी मुळात चित्रपटातील संगीताच्या नव्हत्याच. संगीतकार तेच संगीत थोडे गोड, थोडे आटोपशीर करून तबकडीसाठी पुन्हा वाजवीत. एल्मर बर्नस्टीन यांच्या 'द ग्रेट एस्केप'ची एलपी याच प्रकारची. चित्रपटात प्रत्यक्ष वाजलेले संपूर्ण संगीत आणि एलपीवरील आवृत्ती असा तीन सीडींचा संच इन्ट्राडा कंपनीने २०११ मध्ये काढला. दुसरा मार्ग म्हणजे सारे नव्याने वाजवणे. दिमित्री टिओमकिन यांचे 'गन्स ऑफ नॅव्हरॉन'चे संपूर्ण संगीत २००५ मध्ये प्रागच्या वाद्यवृंदाकडून अशा रीतीने पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यात आले.

या सगळ्यात नमुनेदार हकिकत आहे ती 'बॅटल ऑफ ब्रिटन'ची. १९६९ च्या या ब्रिटिश चित्रपटासाठी सर विल्यम वॉल्टन यांच्यासारख्या ज्येष्ठ संगीतकाराने संगीत लिहिले, ध्वनिमुद्रितही झाले. एलपी भरेल इतके ते लांबीला नाही, असे युनायटेड आर्टिस्ट्सच्या अधिकाऱ्यांना आढळले आणि रॉन गुडविन यांच्याकडून सारे संगीत नव्याने करून घेण्यात आले. लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी श्रेयनामावलीतून आपले नाव काढून घेण्याची धमकी दिली, तेव्हा हवाई युद्धाचा वॉल्टन यांचा एक तुकडा तेवढा चित्रपटात राहिला. उरलेल्या फिती गहाळ झाल्या, असेच सारे धरून चालले होते. १९९० मध्ये त्या ध्वनिमुद्रक एरिक टॉमलिन्सन यांच्या गॅरेजमध्ये मिळाल्या! पुढे त्या सीडीवर आल्या आणि २००४ च्या डीव्हीडीवर तर वॉल्टन यांच्या संगीतासह चित्रपट पाहण्याची सोय झाली. कंपनीने टाकून दिलेली वस्तू एका तंत्रज्ञाच्या घरात वीस वर्षे पडून राहिली, म्हणून वाचली.

परळ आणि कोल्हापूर

आपल्याकडे बोलपटाच्या पहिल्या वर्षांत हा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण वेगळी फीतच नव्हती. नट कॅमेऱ्यासमोर गात, वादक पडद्याआड किंवा झाडामागे बसत आणि संवाद, गाणे, वाद्ये एकाच वेळी एकाच ध्वनिपट्टीवर उतरत. तानाजीच्या पराक्रमावरील 'प्रभात'चा 'सिंहगड' १९३३ मधला. त्या काळातील चित्रपटाच्या संगीताचे 'केवळ संगीत' असे रूप कधी अस्तित्वातच आले नाही.

मराठी माणसाने काढलेला, आधुनिक युद्धाची पार्श्वभूमी असलेला ठळक चित्रपट म्हणजे व्ही. शांताराम यांचा १९४६ मधील 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीन-जपान युद्धात जखमी चिनी सैनिकांवर उपचार करण्यासाठी गेले आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. शांताराम यांनी ही भूमिका स्वतः केली. संगीत होते वसंत देसाई यांचे. पुढे १९६४ मध्ये चेतन आनंद यांचा 'हकीकत' आला. चीनबरोबरच्या युद्धावरील या चित्रपटाचे संगीतकार मदनमोहन यांनी तरुणपणी स्वतः लष्करात नोकरी केली होती, हे अनेकांना ठाऊक नसते. त्याच वर्षी कोल्हापुरात भालजी पेंढारकर यांचा 'मराठा तितुका मेळवावा' पूर्ण झाला. 'आनंदघन' या नावाआड त्याचे संगीत लता मंगेशकर यांनी दिले होते.

या तिन्ही चित्रपटांतील गाणी आजही ऐकता येतात. पण लढाईच्या प्रसंगी वाजलेले नगारे, तुताऱ्या, व्हायोलिनचा ताफा यांची तबकडी शोधून सापडणार नाही. ध्वनिमुद्रिका कंपन्यांना गाणी हवी होती. पार्श्वसंगीताला गिऱ्हाईक नाही, हे त्यांचे गणित होते. निर्मात्याच्या दृष्टीने पार्श्वसंगीत म्हणजे प्रदर्शनाच्या तोंडावर उरकायचे काम. चुंबकीय फीत महाग. मिश्रण आटोपले की तीच फीत पुसून पुढच्या चित्रपटाला वापरण्याची पद्धत सर्रास होती. परळच्या राजकमल स्टुडिओत मंगेश देसाई यांच्यासारख्या मिश्रणतज्ज्ञाने घडवलेला आवाज अंतिम ध्वनिपटात राहिला. तो ज्यापासून घडला ते सुटे प्रवाह राहिले नाहीत. आपल्याकडे संवादांच्या एलपी निघाल्या, 'शोले'ची तर घरोघर वाजली. पार्श्वसंगीत त्या तबकडीवर आले ते गब्बरच्या बोलण्याखाली दबून.

दोन मार्ग

२००४ मध्ये 'मुगल-ए-आझम' रंगीत होऊन पुन्हा झळकला, तेव्हा चर्चा रंगांचीच झाली. आवाजाचे काम मात्र अधिक अवघड होते. १९६० च्या मूळ ध्वनिपटातून आजच्या चित्रपटगृहांना साजेसा, सहा बाजूंनी येणारा आवाज निघणे शक्य नव्हते. तेव्हा गायकांचे मूळ आवाज कायम ठेवून वाद्यवृंद नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आला. ते काम उत्तम सिंग यांनी केले आणि संगीतकार नौशाद तेव्हा हयात होते, ही त्यातील मोठी जमेची बाजू. संगीत कसे असायला हवे होते, हे सांगणारा माणूसच समोर होता. ज्यांचे संगीतकार दिवंगत झाले आणि स्वरलिपीही उरली नाही, त्या चित्रपटांच्या बाबतीत ही सोय नाही.

दुसरा मार्ग घरातल्या कपाटाचा. मदनमोहन १९७५ मध्ये वारले. त्यांच्या न वापरलेल्या चालींच्या टेप मुलाने जपून ठेवल्या होत्या. त्यांतून २००४ मध्येच 'वीर-झारा'चे संगीत उभे राहिले. वॉल्टन यांचे गॅरेज आणि हे कपाट यांत फारसा फरक नाही.

अलीकडचे उदाहरण 'शोले'चे. फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी पुनरुज्जीवित केलेली त्याची प्रत २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखवण्यात आली. त्या कामासाठी मूळ ध्वनिनिगेटिव्ह आणि चुंबकीय ध्वनिपट उपलब्ध होते. लोणावळ्याचा घाट उतरून पनवेलजवळ चित्रित झालेला रेल्वेवरील दरोड्याचा प्रसंग ज्यांनी जुन्या, खरखरत्या प्रतीत पाहिला आहे, त्यांना या फितींचे मोल वेगळे सांगायला नको.

काळाचे गणित

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना पुण्यात फेब्रुवारी १९६४ मध्ये झाली. विधी महाविद्यालय रस्त्यावरील ही संस्था मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. ८ जानेवारी २००३ रोजी प्रभात स्टुडिओच्या आवारातील नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि 'प्रभात'च्या मूळ निगेटिव्ह खाक झाल्या. अनेक चित्रपटांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर आधीच उतरवलेल्या होत्या, म्हणून ते पाहता येतात. पण प्रतीवरून प्रत काढताना सर्वांत आधी बळी जातो तो आवाजाच्या बारकाव्यांचा.

नायट्रेटला आगीचे भय, तर नंतरच्या ॲसिटेट फिल्मला दमट हवेचे. हवेतील ओलावा आणि उष्णता यांमुळे ॲसिटेटचे विघटन होते, त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते, फिल्म आखडते आणि वाकडी होते. चुंबकीय लेप असलेल्या फितीत लोहाच्या अंशामुळे ही क्रिया आणखी वेगाने होते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील पॉलिएस्टर टेपचे दुखणे निराळे. तिचा लेप धरून ठेवणारे द्रव्य ओल शोषून चिकट बनते. अशी टेप तशीच वाजवली तर लेप खरवडून निघतो. जाणकार ती विशिष्ट भट्टीत पन्नास-पंचावन्न अंश तापमानाला काही तास भाजतात आणि नंतर लगोलग तिचे डिजिटल रूपांतर करून घेतात. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नये.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी लागते. भारतीय कायद्यानुसार चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतात. संगीतरचनेचा हक्क मात्र संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. 'डॉ. कोटणीस' या चित्रपटाची मुदत २००६ अखेर संपली, 'हकीकत'ची २०२४ अखेर. वसंत देसाई आणि मदनमोहन दोघेही १९७५ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या रचनांवरील हक्क २०३५ अखेरपर्यंत आहेत. हे संगीत कोणाला नव्याने वाजवून प्रकाशित करावयाचे असेल तर परवानगी आवश्यक. अर्थात, अडचण परवानगीची नंतर. आधी ते ऐकून लिहून घेता येण्याजोगे कुठे उरले आहे, हे शोधावे लागेल.

लोणावळा-मावळातील घरांत असा काही ठेवा असल्यास काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, भिंतीला लागून किंवा थेट जमिनीवर नकोत. लाखेच्या जुन्या ७८ गतीच्या तबकड्या स्पिरिटने पुसू नयेत, लाख त्यात विरघळते. ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ कापड पुरे. टेपची रिळे लोखंडी कपाटात, स्पीकर आणि मोटारींपासून दूर असावीत. पावसाळ्यात ती उघडणे टाळावे. न ओळखलेली टेप 'काय आहे ते पाहू' म्हणून जुन्या यंत्रावर चढवू नये, कदाचित ती एकदाच वाजण्याच्या लायकीची उरलेली असेल. रिळावरील आणि डब्यावरील चिठ्ठ्या फाडू नयेत. चित्रपटाचे नाव, स्टुडिओ, तारीख यांचा बहुधा तोच एकमेव पुरावा असतो. चित्रपट संग्रहालय फिल्मबरोबर तबकड्या आणि ध्वनिफितीही जतन करते आणि लोणावळा लोकलने पुणे दीड तासाच्या आत येते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर तो डबा इतर डब्यांपासून त्याच दिवशी वेगळा काढून हवेशीर जागी ठेवावा, कारण ती वाफ शेजारच्या चांगल्या फितींनाही बाधते.